मार डोक्याला, घात फुफ्फुसात

मेहरूण म्हटले की जळगावकरांना तलाव आठवतो आणि हिवाळ्यात बाजारात येणारी इथली बोरे आठवतात. तिसरी ओळख कोणी कौतुकाने सांगत नाही. सुरतेहून नागपूरकडे जाणारा, पूर्वी सहा क्रमांकाचा आणि आता त्रेपन्न क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इच्छादेवी चौक आणि अजिंठा चौक ओलांडत याच परिसराच्या कडेने जातो. पलीकडे औद्योगिक वसाहत आहे. चटई, पाइप आणि डाळीच्या कारखान्यांतील पाळी सुटली की दुचाकींचे लोंढे याच रस्त्यावर उतरतात. रावेर-यावलकडील केळीचे ट्रक आणि परराज्यांतील मालवाहू गाड्याही त्याच महामार्गाने धावतात. शहरातून जाणाऱ्या या महामार्गाला समांतर रस्ते मिळावेत म्हणून जळगावात वर्षानुवर्षे आंदोलने झाली. त्या मागणीमागील मुख्य कारण एकच होते, दुचाकीस्वारांचे मृत्यू.

या मृत्यूंपैकी काही जागच्या जागी होतात. काही रुग्णालयाच्या वाटेवर होतात. परंतु एक तिसरा गट आहे आणि त्याची चर्चा क्वचितच होते. हा रुग्ण अपघातातून वाचलेला असतो. सीटी स्कॅन वेळेवर होतो, मेंदूवरील रक्ताची गाठ शस्त्रक्रियेने काढली जाते, शल्यचिकित्सक बाहेर येऊन शस्त्रक्रिया व्यवस्थित झाल्याचे सांगतात. नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. मग चौथ्या-पाचव्या दिवशी ताप चढतो, श्वासनलिकेतून घट्ट पिवळा कफ निघू लागतो, छातीच्या एक्स-रेमध्ये पांढरा डाग दिसतो. डोक्याला मार लागलेल्या माणसाला न्यूमोनिया झाला, हे ऐकून नातेवाईक चक्रावतात. मार तर डोक्याला होता, मग छातीत हे कुठून आले?

हा प्रश्न भाबडा नाही. मेंदूविकारशास्त्र आणि अतिदक्षता वैद्यक गेली दोन-तीन दशके नेमक्या याच प्रश्नाभोवती फिरत आहेत. मिळालेले उत्तर असे की हा न्यूमोनिया म्हणजे योगायोगाने ओढवलेले वेगळे दुखणे नव्हे. बऱ्याच अंशी तो मेंदूच्याच दुखापतीचा पुढचा अंक असतो. ही गोष्ट मान्य केली की उपचारांचे, खर्चाचे आणि सरकारी योजनांचे आजचे गणित तपासून पाहावे लागते.

आधी मेंदूच्या अर्थव्यवहाराकडे पाहू. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीर वापरते त्यातील सुमारे २० टक्के प्राणवायू तो एकटा खातो. दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज त्याला लागते. एवढी भूक असूनही त्याच्याकडे कोठार असे जवळजवळ नाहीच. यकृत आणि स्नायू ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवून ठेवतात. मेंदूत असा साठा अगदी नगण्य असतो. हातावर पोट असलेल्या मजुराप्रमाणे त्याचा संसार रक्ताच्या रोजच्या, किंबहुना क्षणाक्षणाच्या पुरवठ्यावर चालतो. पुरवठा काही मिनिटे तुटला तरी पेशी मरू लागतात.

डोके रस्त्यावर आपटते तेव्हा चेतापेशींच्या आवरणांवर ताण येऊन क्षारांचा तोल बिघडतो. पोटॅशियम बाहेर, सोडियम आणि कॅल्शियम आत, अशी उलथापालथ होते. हा तोल पूर्ववत करण्यासाठी पेशींतील पंप जिवाच्या आकांताने चालू लागतात आणि त्यासाठी इंधन जाळावे लागते. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील बर्गश्नायडर, हॉवडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये गंभीर जखमी रुग्णांच्या मेंदूचे पेट स्कॅन करून हा प्रकार दाखवून दिला. पहिल्या आठवड्यात निम्म्याहून अधिक रुग्णांचा मेंदू उपलब्ध प्राणवायूच्या मानाने कितीतरी जास्त ग्लुकोज जाळत होता. बेशुद्ध माणूस बाहेरून निपचित दिसतो, पण आत आग लागलेली असते. त्यानंतर उलट टप्पा येतो. पेशींतील ऊर्जा तयार करणारी यंत्रणा थकते आणि मेंदूचा चयापचय दिवसेंदिवस, कधी आठवडेच्या आठवडे, मंदावलेला राहतो. या काळात मेंदूला दुसरा धक्का सोसवत नाही. एरवी किरकोळ वाटेल एवढी प्राणवायूची घट किंवा रक्तदाबाची घसरण त्याला पुरेशी ठरते. गंभीर जखमी ७१७ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या १९९३ मधील एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात, सुरुवातीच्या काळात रक्तदाब एकदा जरी घसरला तरी मृत्यूचे प्रमाण दुपटीच्या घरात जाते, असे आढळले होते.

मेंदूची आग मेंदूपुरती राहत नाही. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८४९ मध्येच दाखवले होते की प्राण्याच्या मेंदूच्या तळाशी विशिष्ट ठिकाणी सुई टोचली की त्याच्या लघवीत साखर उतरते. स्वादुपिंडाला हात न लावता निव्वळ मेंदूच्या जखमेने शरीराची साखर बिघडते, हे त्यातून प्रथम स्पष्ट झाले. आजही डोक्याला गंभीर मार लागलेल्या, पूर्वी मधुमेह नसलेल्या तरुणाच्या रक्तात साखर वाढलेली सापडते, त्यामागे हीच साखळी आहे. अॅड्रेनॅलिनसारखी ताणाची संप्रेरके उसळतात, यकृत साखर सोडू लागते, स्नायूंमधील प्रथिने मोडून इंधनासाठी वापरली जातात. अशा रुग्णाचा ऊर्जाखर्च निरोगी माणसाच्या अपेक्षित खर्चाच्या सुमारे १४० टक्क्यांपर्यंत जातो, असे अमेरिकेतील ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ज्या स्नायूंच्या बळावर माणूस खोकतो आणि श्वास ओढतो, ते स्नायूही या मोडतोडीतून सुटत नाहीत.

फुफ्फुसाचे संकट येथे सुरू होते. त्याचे पहिले कारण अगदी ढोबळ आहे. शुद्ध हरपलेल्या माणसाचा खोकला आणि ठसका नाहीसा होतो. लाळ, उलटी, नाकातोंडातून वाहणारे रक्त श्वासनलिकेत उतरते. अनेकदा हे अपघाताच्या जागीच, कोणी मदतीला पोहोचण्यापूर्वी घडलेले असते. नंतर श्वासनलिकेत नळी घालून रुग्णाला कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवतात. ही नळी प्राण वाचवते, परंतु घशातील जीवाणूंना खाली उतरायला वाटही करून देते. पहिल्या चार-पाच दिवसांतील न्यूमोनिया बहुधा रुग्णाच्या स्वतःच्याच नाकाघशात राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकस किंवा हिमोफिलस यांसारख्या जीवाणूंमुळे होतो. त्यानंतरचा न्यूमोनिया रुग्णालयात मुक्काम ठोकून बसलेल्या जीवाणूंचा असतो, आणि तो अधिक चिवट असतो.

दुसरे कारण सूक्ष्म आहे. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील संशोधकांनी २००३ मध्ये उंदरांवर केलेला प्रयोग या विषयात मैलाचा दगड मानला जातो. मेंदूचा रक्तपुरवठा तोडलेल्या उंदरांच्या रक्तातील लिम्फोसाइट पेशी झपाट्याने घटल्या आणि काही दिवसांतच त्यांना न्यूमोनिया झाला. ताणाच्या संप्रेरकांना अडवणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध दिलेल्या उंदरांमध्ये मात्र संसर्ग कमी झाला. म्हणजे जखमी मेंदू स्वतःच प्रतिकारशक्तीला आवर घालत होता. तो असे का करत असावा, याचा एक तर्क असा की जखमेभोवती अतिरिक्त दाह होऊन आणखी मेंदू जळू नये म्हणून शरीर आपल्याच सैन्याला मागे बोलावते. त्याची किंमत फुफ्फुसे मोजतात. हा प्रयोग पक्षाघाताच्या नमुन्यावरचा होता, पण डोक्याच्या दुखापतीनंतरही संरक्षक पेशींची अशीच मरगळ रुग्णांच्या रक्तात आढळलेली आहे.

डॉक्टरांपुढील खरा पेच यापुढचा आहे. मेंदू भुकेला आहे, तर त्याची भूक कमी करावी, असा विचार सहजच सुचतो. त्यासाठी गुंगीची औषधे देतात. कवटीतील दाब आटोक्यात येत नसेल तर बार्बिट्युरेट गटातील औषधांनी गाढ गुंगीत नेतात. मेंदू शांत होतो, इंधनाची मागणी घटते. परंतु गुंगी जितकी गाढ तितका खोकला बंद, कफ साचलेला, आतड्यांची हालचाल मंद आणि यंत्रावरचे दिवस अधिक. शरीर थंड करण्याचा मार्गही असाच आकर्षक वाटत होता. पोलर या नावाने प्रसिद्ध झालेल्या २०१८ मधील आंतरराष्ट्रीय चाचणीत गंभीर दुखापतीच्या ५११ रुग्णांपैकी काहींना अपघातानंतर लगेच थंड करण्यात आले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांची स्थिती जवळजवळ सारखीच निघाली. न्यूमोनियाचे प्रमाण मात्र थंड केलेल्या गटात ५५ टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ५१.३ टक्के होते. दोहोंतील फरक मोठा नाही. परंतु प्रगत देशांतील सुसज्ज अतिदक्षता विभागांतही अशा रुग्णांपैकी निम्म्यांना न्यूमोनिया होतो, हीच त्या आकड्यातील खरी बातमी म्हणायला हवी.

मेंदूला विसावा द्यावा तर फुफ्फुस उघडे पडते, आणि फुफ्फुस बिघडले की मेंदूचा विसावाही संपतो. शरीराचे तापमान एका अंश सेल्सिअसने वाढले की मेंदूची ऊर्जेची मागणी सुमारे ६ ते १० टक्क्यांनी वाढते. न्यूमोनियात ताप येतो आणि रक्तातील प्राणवायू घटतो, म्हणजे मागणी वाढते त्याच वेळी पुरवठा आखडतो. त्यात संसर्गाने रक्तदाब कोसळला तर मेंदूच्या वाट्याचे रक्तही कमी होते. पहिल्या आठवड्याच्या शेवटी थकलेल्या, कोठार नसलेल्या मेंदूवर हा घाला येतो. शस्त्रक्रियेने कमावलेले येथे गमावले जाऊ शकते.

साखरेच्या बाबतीतही सोपा उपाय फसला आहे. वाढलेली साखर संसर्गाला पोषक ठरते म्हणून ती इन्शुलिनने अगदी काटेकोर खाली ठेवावी, असा आग्रह एके काळी होता. सहा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या नाइस-शुगर चाचणीने २००९ मध्ये दाखवले की अतिदक्षता विभागात अशा कडक नियंत्रणाने मृत्यू उलट वाढतात. मेंदूत बारीक नळी घालून तेथील रसायने मोजणाऱ्या अभ्यासांत तर रक्तातील साखर वरवर ठीक दिसत असतानाही मेंदूतील ग्लुकोज धोक्याच्या पातळीखाली गेलेले आढळले. साखर फार वाढू द्यायची नाही आणि फार उतरूही द्यायची नाही, हा मधला मार्ग ऐकायला सोपा आहे. तो पाळायचा तर दर एक-दोन तासांनी साखर मोजणारा माणूस खाटेजवळ हवा.

न्यूमोनियाने मृत्यू किती वाढतात, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही, हेही सांगितले पाहिजे. युरोपातील सेंटर-टीबीआय या मोठ्या अभ्यासाच्या २०२० मधील विश्लेषणात श्वसनयंत्रावरील ९६२ रुग्णांपैकी १९६ जणांना, म्हणजे सुमारे २० टक्क्यांना, यंत्राशी निगडित न्यूमोनिया झाला. नळी घातल्यापासून सरासरी पाचव्या दिवसाच्या सुमारास तो उद्भवला. अशा रुग्णांचा अतिदक्षता विभागातील मुक्काम १३ दिवसांवरून २० दिवसांवर गेला. परंतु मृत्यूचे प्रमाण मात्र त्यामुळे वाढलेले दिसले नाही. यावरून कोणी निश्चिंत व्हावे असे नाही. तेथे न्यूमोनिया लवकर ओळखला जातो, प्रतिजैविके लागू पडतात आणि सात दिवस वाढलेल्या मुक्कामाचे बिल रुग्णाच्या घरी जात नाही. भारतातील अतिदक्षता विभागांत अॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला हे जीवाणू कार्बापेनेम गटातील प्रबळ प्रतिजैविकांनाही दाद देईनासे झाले आहेत, हे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या जाळ्यातून २०१३ पासून गोळा होणारी माहिती सातत्याने सांगते. कार्बापेनेमला न जुमानणारा अॅसिनेटोबॅक्टर जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वाधिक चिंताजनक जीवाणूंच्या यादीत आहे. युरोपात जो न्यूमोनिया मुक्काम वाढवतो, तोच इथे कोलिस्टिनसारख्या शेवटच्या फळीतील औषधावर येऊन ठेपतो.

खान्देशाच्या संदर्भात हे सारे आता अधिक महत्त्वाचे झाले आहे. पूर्वी डोक्याला गंभीर मार लागला की धुळे, नाही तर औरंगाबाद, नाशिक किंवा मुंबई अशी धावपळ होत असे आणि अनेक रुग्ण वाटेतच दगावत. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गेल्या शतकाच्या अखेरपासून आहे, पण जळगावहून ते सुमारे नव्वद किलोमीटरवर. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले आणि जिल्हा रुग्णालय त्याला जोडले गेले. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात जानेवारी २०१४ पासून ९३७ वाहनांनिशी धावू लागली. शहरात सीटी स्कॅन आणि मेंदूची शस्त्रक्रिया करणारी खासगी रुग्णालये आली. कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, जिल्ह्याजिल्ह्यांत व्हेंटिलेटर पोहोचले. पहिल्या तासाची लढाई पूर्णपणे जिंकली गेली असे नाही, पण ती आता लढता येते. जे रुग्ण पूर्वी पहिल्या रात्री जात, त्यांतील काही आज पाचव्या दिवसापर्यंत पोहोचतात, आणि म्हणूनच पाचव्या दिवसाचा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे.

त्या पाचव्या दिवसासाठी काय हाताशी आहे? औषधाच्या आघाडीवर एक आशादायक निष्कर्ष २०२४ मध्ये आला. फ्रान्समधील ९ अतिदक्षता विभागांत मेंदूला इजा झालेल्या ३४५ रुग्णांना चाचणीत घेण्यात आले. नळी घातल्यापासून १२ तासांच्या आत सेफ्ट्रिअॅक्सोनची २ ग्रॅमची एकच मात्रा मिळालेल्यांपैकी १४ टक्क्यांना पहिल्या आठवड्यात यंत्राशी निगडित न्यूमोनिया झाला. औषधाऐवजी निव्वळ बनावट मात्रा मिळालेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते. सेफ्ट्रिअॅक्सोन हे भारतातील तालुक्याच्या औषध दुकानातही मिळणारे, जुने आणि स्वस्त इंजेक्शन आहे. या निष्कर्षातील कळीचा शब्द 'एकच' हा आहे. आपल्याकडे खबरदारीच्या नावाखाली तीन-तीन प्रतिजैविके आठ-दहा दिवस देण्याची रीत आहे, आणि चिवट जीवाणूंना खतपाणी तिनेच घातले आहे. एका मात्रेचा हा पुरावा दहा दिवसांच्या माऱ्याचे समर्थन म्हणून वापरला गेला, तर होता तो फायदाही जाईल. शिवाय भारतीय रुग्णालयांतील जीवाणू फ्रान्समधल्यासारखे नाहीत. तो प्रयोग इथल्या अतिदक्षता विभागांत करून पाहणे आवश्यक आहे, आणि तो करण्यासाठी परदेशी यंत्रसामग्री लागणार नाही.

बाकीचे उपाय इतके साधे आहेत की त्यांना उपाय म्हणायलाही संकोच वाटावा. खाटेचे डोके ३० अंशांनी किंवा थोडे अधिक वर ठेवणे हा त्यांतील एक. त्याने कवटीतील दाबही उतरतो आणि पोटातील अन्न घशाकडे येणेही कमी होते. एकाच कृतीने मेंदू आणि फुफ्फुस दोघांचे भले साधावे, असे या विषयात फार थोड्या वेळा घडते. नळीभोवतीच्या फुग्यातील दाब मोजून योग्य ठेवणे, हात धुणे, गुंगी शक्य तेव्हा हलकी करून पाहणे, पाचव्या दिवसापर्यंत, फार तर सातव्या दिवसापर्यंत पुरेसे पोषण सुरू करणे, आणि शक्य असेल तेथे अन्ननळी जठराच्या पुढे लहान आतड्यात सोडणे, हे इतर. आणि दात घासणे. श्वसनयंत्रावरील रुग्णाचे दात साध्या ब्रशने रोज घासले तर न्यूमोनिया घटतो आणि अतिदक्षता विभागातील मृत्यूही घटतात, असे १५ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात आढळले आहे. अनेक वर्षे ज्याचा बोलबाला होता त्या क्लोरहेक्झिडिनच्या गुळण्या मात्र २०२२ पासून अमेरिकी तज्ज्ञ संस्थांनी नको म्हटल्या आहेत, कारण त्यांच्याने मृत्यू वाढण्याची शंका आहे. लाखो रुपयांच्या यंत्राशेजारी वीस रुपयांचा ब्रश ठेवायचा आहे. पण तो चालवणार कोण?

श्वसनयंत्रावरील प्रत्येक रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका, हा मान्य निकष आहे. जिल्हा पातळीवरील सरकारी रुग्णालयांत, आणि अनेक लहान खासगी रुग्णालयांतही, तो कागदावरच असतो. यंत्रे एकरकमी अनुदानातून किंवा देणगीतून येतात आणि त्यांच्या उद्‌घाटनाची छायाचित्रे छापून येतात. परिचारिकेचे पद दरमहा पगार मागते, म्हणून ते रिक्त राहते. साखर मोजणे, कूस बदलणे, कफ ओढणे, दात घासणे, खाटेची मूठ फिरवून डोके वर करणे ही सगळी तिचीच कामे आहेत. एकीवर चार-पाच रुग्ण सोपवले की या कामांपैकी सर्वांत आधी जे सुटते, ते ज्याच्या नसण्याने तत्काळ काही बिघडत नाही तेच असते. त्याचा हिशेब पाचव्या दिवशी कळतो.

अतिदक्षता विभागातून वॉर्डात हलवल्यानंतर ही कामे नातेवाइकांकडे येतात. नाकातील नळीतून दूध, पेज, डाळीचे पाणी तेच घालतात. रुग्णाने डोळे उघडले, हाताची पकड दिली की आनंदाच्या भरात कोणी तरी त्याच्या ओठाला चहाचा कप किंवा मोसंबीच्या रसाचा चमचा लावते. गिळण्याची क्रिया पूर्ववत व्हायला शुद्धीपेक्षा अधिक वेळ लागतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. तो रस अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरला तर, खोकला दुबळा असल्याने, ठसकाही लागत नाही. भरवण्यापूर्वी रुग्णाला उठवून बसवावे, भरवल्यावर अर्धा तास तसेच ठेवावे, आणि गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने थेंबही देऊ नये, या तीन सूचना खाटेशेजारी मराठीत लावायला कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पैशाचा प्रश्न मात्र शासनाचाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कान उपटल्यानंतर केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. नेमलेल्या रुग्णालयात प्रत्येक जखमीला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि मुदत आहे अपघातापासून ७ दिवस. पहिल्या तासाच्या दृष्टीने ही योजना निश्चितच मोलाची आहे. पैशाची खात्री नसल्याने रुग्णाला दारातून परत पाठवण्याची सबब तिने काढून घेतली. पण डोक्याच्या दुखापतीचे वेळापत्रक तिच्यापुढे ठेवून पाहावे. न्यूमोनिया सरासरी पाचव्या दिवशी उद्भवतो. तो ओळखून सुरू केलेला प्रतिजैविकांचा उपचार आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ दिवस चालतो. म्हणजे बारावा दिवस उजाडतो. योजना सातव्या दिवशी हात काढून घेते. चिवट जीवाणूवरील महागडी इंजेक्शने आणि यंत्रावरचे वाढीव दिवस हा सारा खर्च मुदतीबाहेर पडतो.

त्यापुढे राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. धुळे जिल्हा तर तिच्या पहिल्या टप्प्यापासून, म्हणजे ती राजीव गांधी यांच्या नावाने २०१२ मध्ये सुरू झाली तेव्हापासून, तिच्यात आहे. कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला. तथापि या योजनेतील रक्कम ठरीव पॅकेजांत बांधलेली असते. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे पॅकेज असते, उपचाराच्या दिवसांचे असते. ज्या रुग्णाला संसर्ग झाला आणि मुक्काम आठवडाभर लांबला, त्याच्यावर रुग्णालयाला तोटा होतो, किंवा तो तोटा कोणत्या ना कोणत्या वाटेने नातेवाइकांकडे सरकतो. ज्या रुग्णालयाने ब्रश, मूठ आणि हात धुणे सांभाळून न्यूमोनिया टाळला, त्याला मात्र योजनेतून वेगळे काही मिळत नाही. केंद्राची सात दिवसांची मुदत आणि राज्याचे पॅकेज यांची सांधेजोड रुग्णाच्या आठव्या दिवशी आपोआप व्हावी, कुटुंबाला पुन्हा कागदपत्रांसाठी धावायला लागू नये, एवढी सुधारणा तरी तातडीने होण्याजोगी आहे. मुदतच वाढवायची झाल्यास डोक्याच्या गंभीर दुखापतीसाठी तरी ती दोन आठवड्यांची असावी, या मागणीला वर दिलेल्या वेळापत्रकाचाच आधार आहे.

आणखी एक अडचण मोजदादीची आहे. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येप्रमाणे अपघातानंतर ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू अपघाती मृत्यू म्हणून नोंदला जातो. २०२२ मध्ये देशात असे १ लाख ६८ हजार ४९१ मृत्यू झाले. त्यांतील ५० हजार २९ जण हेल्मेट नसलेले दुचाकीस्वार किंवा मागे बसलेले प्रवासी होते. हेल्मेटने डोक्याच्या दुखापतीची शक्यता ६९ टक्क्यांनी घटते, हे जगभरच्या अभ्यासांचे सार आहे. न्यूमोनिया रोखण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय चौकातच आहे, असेही कोणी म्हणेल आणि ते खोटे ठरणार नाही. पण या लाखो मृत्यूंपैकी रस्त्यावर किती झाले, पहिल्या रात्री किती आणि दहाव्या दिवशी किती, हे त्या आकड्यांत दिसत नाही. अपघातात जखमी होऊन नवव्या दिवशी न्यूमोनियाने गेलेला तरुण पोलिसांच्या कागदावर अपघाताचा बळी असतो, आणि तो आहेच. रुग्णालयातील संसर्गाचा बळी म्हणून मात्र तो कोणत्याही वहीत चढत नाही. रस्त्याच्या खात्यावर सारा मृत्यू टाकला की रुग्णालयाचे खाते कोरे राहते.

रुग्णालयातील संसर्गाची मोजणी करणारे देशव्यापी जाळे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या ट्रॉमा केंद्राच्या पुढाकाराने उभे राहिले आहे, पण त्यात मुख्यतः मोठी रुग्णालये आहेत. मोजण्याची रीत अवघड नाही. दर हजार श्वसनयंत्र-दिवसांमागे न्यूमोनिया किती, हे एकच प्रमाण जगभर वापरतात. त्यासाठी रोज ठरलेल्या वेळी अतिदक्षता विभागात किती रुग्ण यंत्रावर आहेत हे लिहायचे आणि नव्या न्यूमोनियाची तारीख टिपायची. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत हे काम करू शकणारे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहेत, विद्यार्थी आहेत. खासगी रुग्णालयांपैकी जी सरकारी योजनांचे पैसे घेतात, त्यांना ही नोंद पाठवण्याची अट घालता येईल. आठव्या दिवशी कोणत्या खाटेवर काय होते, हे त्याशिवाय कळणार नाही, आणि ते कळेपर्यंत सात दिवसांची मुदत पुरेशी आहे की नाही, हा वाद आकड्यांवाचूनच चालू राहील.